सातपुड्याच्या पायथ्याची वनहक्काची टेकडी : दहा हजार रोपं लावायची की आहे ते रान राखायचं?

पायथ्याचं_पाणी (प्रश्न)

रामराम मंडळी.

यावल तालुक्यातल्या एका पाड्याच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्कात सातपुड्याच्या उताराची जमीन मिळाली आहे. त्यातली साधारण ४० हेक्टर टेकडी उघडी पडली आहे. वर बसाल्टचा खडक आणि मुरूम, मध्ये विरळ साग, पळस आणि टेंभुर्णीची झुडपं, खाली नाल्याच्या कडेने घाणेरीची जाळी. दरवर्षी मार्चमध्ये वणवा लागतो. खालच्या गावांत केळी आहे आणि तिथल्या बोअरचं पाणी दरसाल खाली चाललं आहे, म्हणून केळीवाले शेतकरीही मदतीला तयार आहेत. एका कंपनीकडून १०,००० रोपं मिळणार आहेत, त्यात गिरीपुष्प, करंज आणि शिसव आहे. पावसाआधी खड्डे घ्यायचे आहेत.

माझे प्रश्न :
१. रोपं कोणती आणि किती अंतरावर लावावी?
२. सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले न तुटणारे चर) खणावेत का, आणि किती मापाचे?
३. नाल्यात जेसीबी लावून खोलीकरण केलं तर खाली बोअरला पाणी वाढेल का?
४. ग्रामसभेला हे सगळं कोणत्या अधिकारात करता येतं?

---

मुळवाट

भाऊ, खड्डे घेऊ नका. निदान महिनाभर थांबा.

तुम्ही लिहिलेल्या झाडांतच उत्तर आहे. साग, पळस, टेंभुर्णी ही तिन्ही तोडली किंवा जाळली तरी मुळातून परत फुटतात. वरून टेकडी बोडकी दिसते, पण जमिनीखाली वीस-तीस वर्षांची मुळं जिवंत असतात. दरवर्षी फुटवा येतो, शेळी खाते नाहीतर वणवा जाळतो, आणि पुढच्या पावसात तो पुन्हा फुटतो. अशा मुळाला तीन वर्षं नुसतं राखलं तर ते जी उंची गाठतं, ती नर्सरीतल्या पिशवीतल्या रोपाला त्या मुरमात कधीच गाठता येत नाही. रोपाचं मूळ पिशवीभर असतं आणि फुटव्याचं खडकाच्या फटीत कधीच उतरलेलं असतं. ऑक्टोबरनंतर आठ महिने पाऊस नसलेल्या उतारावर हा फरक जीवनमरणाचा आहे.

आधी मोजा. टेकडीवर वेगवेगळ्या उंचीला आणि वेगवेगळ्या तोंडाच्या उतारांवर २० जागा निवडा. प्रत्येक जागी दोरीने १० मीटर × १० मीटरचा चौक आखा आणि आतली जिवंत खोडं-मुळं मोजा. एका बुंध्याला दहा फुटवे असले तरी तो एकच धरायचा. आकड्याला शंभराने गुणलं की हेक्टरी संख्या मिळते. माझा ठोकताळा असा : चौकात चार किंवा जास्त, म्हणजे हेक्टरी ४०० मुळं असतील, तर तिथे एकही रोप लावायचं नाही. तुमची १०,००० रोपं ४० हेक्टरवर हेक्टरी २५०च पडतात. जमिनीत त्याहून जास्त झाडं आधीच उभी असण्याची शक्यता दाट आहे.

मोजणी शक्यतो पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या आसपास करा. मार्चमध्ये जळाल्यावर मोजलं तर निम्मी मुळं दिसतच नाहीत.

राखण केल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात फुटव्यांची विरळणी करायची. प्रत्येक बुंध्यावर सगळ्यात सरळ आणि जोमदार दोन फुटवे ठेवायचे, बाकीचे जमिनीलगत धारदार कोयत्याने तिरपे कापायचे. सपाट कापलं तर पाणी साचून बुंधा कुजतो, बोथट कोयत्याने साल फाटते. त्यानंतर दोन वर्षांनी दोनातला एक काढायचा. पहिल्याच वर्षी विरळणी करू नका, शेळी-वणव्यात कोणता फुटवा टिकतो हे तेव्हा कळलेलं नसतं.

गिरीपुष्पाला मात्र स्पष्ट नाही म्हणा. ते लागतं, जगतं आणि फोटोत हिरवं दिसतं, पण सातपुड्याच्या कोरड्या पानगळी रानात त्याची एकसुरी दाटी होते. महू, चारोळी, टेंभुर्णी यांनी माणसाचं आणि अस्वलाचं पोट भरतं. गिरीपुष्पाने या दोघांचंही भरत नाही.

---

बझाडा

पाण्याबद्दल लिहितो, कारण इथे डोंगर आणि केळी एकाच धाग्याला बांधलेली आहेत.

आपल्या बाजूचा सातपुडा बसाल्टचा आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. उत्तरेला नर्मदेची आणि दक्षिणेला तापीची खचदरी, आणि मध्ये उचललेला हा पट्टा. डोंगर संपतो तिथे भ्रंशरेषेलगत, म्हणजे खडक तुटून सरकला त्या रेषेलगत, हजारो वर्षं नाल्यांनी आणलेले गोटे, रेव, वाळू आणि मातीचा ढीग साचला आहे. त्यालाच बझाडा म्हणतात. चोपडा, यावल, रावेर या तीन तालुक्यांच्या डोक्यावरून हा पट्टा जातो. सुकी, मोर, अनेर या नद्या आणि छोटे नाले डोंगरातून खळाळत येतात आणि बझाड्यात आले की त्यांचं पाणी गोट्यांत जिरतं. तेच पुढे तापीच्या गाळात उतरतं आणि बोअरमधून केळीला मिळतं.

म्हणजे पाणी जिरवण्याचं यंत्र निसर्गाने बांधून ठेवलं आहे. ते दोन कारणांनी बिघडतं. पहिलं, उघड्या उतारावरून पाणी एकदम येतं. बझाड्याला जिरवायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात लोंढा तापीत पोचलेला असतो. दुसरं कारण लोक विसरतात : लोंढ्यासोबत आलेली बारीक माती गोट्यांमधल्या फटी बुजवते. एकदा तो थर बसला की वर तळं दिसतं आणि खाली काही उतरत नाही. डोंगरावरचं गवत आणि पालापाचोळा पाणी अडवतात त्याहून महत्त्वाचं काम करतात, ते पाणी गाळून देतात.

आता चरांचा हिशोब. रुंदी ६० सेंमी आणि खोली ३० सेंमी धरली तर एक मीटर चरात १८० लिटर पाणी मावतं. उतारावर २० मीटर अंतराने ओळी घेतल्या तर हेक्टरी ५०० मीटर चर, म्हणजे ९०,००० लिटर. हे ९ मिलिमीटर वाहत्या पाण्याएवढं झालं. ३० मिमीच्या पावसातलं ३० टक्के पाणी वाहून जात असेल तर ते या चरात पुरतं मावतं. ७० मिमीच्या पावसात चर भरून ओसंडतात.

दुसऱ्या बाजूला केळी. १.५ × १.५ मीटरवर हेक्टरी ४,४४४ झाडं. उन्हाळ्यात ठिबकने झाडाला दिवसाला १५ लिटर धरले तर ६६,००० लिटरच्या वर जातात. चर हंगामात दहा वेळा भरले आणि सगळं पाणी खाली पोचलं असं मानलं (जे होत नाही, बरंच झाडं आणि ऊन घेतं) तरी एक हेक्टर डोंगराने एक हेक्टर केळीला साधारण १३ दिवसांचं पाणी दिलं. चर निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. पण केळीवाल्यांना “टेकडीवर चर खणले की बोअर भरेल” असं सांगून पैसे घेऊ नका. डोंगर सावरायला हवा आणि खाली पाण्याचा वापरही कमी व्हायला हवा. ही गोष्ट त्यांना पहिल्याच बैठकीत सांगा, नाहीतर तिसऱ्या वर्षी तेच सोडून जातील.

खोलीकरणाबद्दल : डोंगराच्या भागात नाल्याचा तळ खडकाचा असतो. तिथे खोदल्याने नुसता खड्डा होतो. बझाड्यात उलटा धोका आहे. नाल्याचा तळ आजूबाजूच्या भूजलाच्या पातळीखाली नेला तर नाला काठच्या विहिरींचं पाणी ओढून घेतो आणि वाहून नेतो. वर काठ उघडे पडतात, ढासळतात, आणि तो गाळ पुढच्या बंधाऱ्यात बसतो. तुमच्या वनहक्काच्या हद्दीत जेसीबी नकोच. खाली महसुली हद्दीत आधीचा पाझर तलाव असेल तर त्याच्या तळाचा बारीक गाळ एप्रिल-मेमध्ये खरवडून काढणं हे सगळ्यात स्वस्त पुनर्भरण आहे. गाळ काढायचा, त्याखालची रेव नाही. रेव लागली की थांबा.

आणि गढूळ पाणी थेट बोअरमध्ये सोडायचं नाही. एका पावसात बोअर कायमचा बुजतो.

---

ओळंबा

चर आणि दगडी बांधाची मापं सांगतो. प्रत्यक्ष चुका होतात त्या इथेच.

मुळवाट यांचा मुद्दा आधी लक्षात घ्या : सलग चर खणताना तुम्ही जिवंत मुळंच तोडता. म्हणून तुमच्या टेकडीवर सलग चर नकोत, खंडित घ्या. तीन-तीन मीटरचे तुकडे, मध्ये दोन मीटर मोकळं, आणि खालच्या ओळीतला चर वरच्या ओळीतल्या मोकळ्या जागेसमोर. वाटेत बुंधा आला की चर तिथे संपवायचा. साठवण सलग चरापेक्षा कमी होते, पण मुळं वाचतात. ३३ टक्क्यांपेक्षा जास्त उतार (शंभर मीटरला तेहेतीस मीटर उतरणं) आणि मातीचा थर वीतभरापेक्षा कमी असेल तिथे चर खणूच नका, नुसती चराईबंदी करा.

समपातळी आखायला ए-फ्रेम पुरते. दोन मीटरचे दोन बांबू वर बांधायचे, मध्ये आडवा बांबू, वरून दोरीला दगड. वापरण्याआधी ती तपासायची. दोन खुंट्यांवर उभी करून दोरी आडव्या बांबूवर जिथे येते तिथे खूण करायची, मग पाय उलटे करून दुसरी खूण. दोन खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. ही तपासणी टाळली की सगळी ओळ हळूहळू एका बाजूला उतरते. मग पाणी चरात साठत नाही, वाहतं, खालच्या टोकाला फुटतं आणि तिथे नवी घळ पडते. नीट न आखलेला चर हा न खणलेल्या चरापेक्षा वाईट.

खणलेली माती खालच्या बाजूला टाकायची, चराच्या काठापासून २०–३० सेंमी अंतर सोडून. काठालगत टाकली तर पहिल्या पावसात ती परत चरात येते. भरावावर पवन्या किंवा मारवेल गवताचं बी लगेच फेकायचं.

घळींत अनघड दगडी बांध घाला. उंची मध्यभागी साधारण ७५ सेंमी ठेवा, एक मीटरच्या वर कधीच नाही. माथा ४०–५० सेंमी रुंद, वरच्या अंगाचा उतार १:१, खालच्या अंगाचा १:२. तळात ३० सेंमी आणि दोन्ही काठांत अर्धा मीटर खणून दगड आत घुसवायचे. मोठे दगड बाहेर आणि खालच्या अंगाला, लहान आत. मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा किमान २० सेंमी खाली हवा. बांध फुटतात ते बहुतेक याच चुकीने : माथा सपाट बांधला जातो, पाणी काठाकडे वळतं, काठ खातं आणि बांध बेटासारखा मध्ये उभा राहतो. दोन बांधांतलं अंतर असं काढा की खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत येईल. घळीचा उतार ५ टक्के आणि बांध ७५ सेंमी असेल तर १५ मीटर.

काम वरून खाली करत या. नाल्याच्या तोंडाशी सुरुवात करून वर गेलात तर वरचा लोंढा खालचे बांध एका रात्रीत नेतो. आणि दगड घळीतलेच, सुटे पडलेले वापरा. उतारावरचे रुतलेले दगड उचकटले की त्याखालची माती सुटते.

---

रानपिंगळा_शहादा

या धाग्यात एका पाखराची नोंद असायलाच हवी, कारण सातपुडा का राखायचा याचा तोच जिवंत पुरावा आहे.

रानपिंगळा. रानातलं छोटं घुबड. १८७३ साली पक्षितज्ज्ञ ए. ओ. ह्यूमने त्याचं वर्णन केलं आणि १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसनने खान्देशातून शेवटचे नमुने नेले. पुढे ११३ वर्षं तो कोणाला सापडला नाही. याचं एक कारण लबाडीचं होतं. माइनर्त्झहागेन नावाच्या संग्राहकाने जुना नमुना चोरून त्यावर १९१४ ची आणि गुजरातमधल्या मांडवीची खोटी चिठ्ठी लावली, त्यामुळे शोध चुकीच्या ठिकाणी होत राहिला. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती चोरी उघड केली, जुन्या खऱ्या ठिकाणांकडे मोर्चा वळवला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासोबत तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा पाहिला. पुढे तो तोरणमाळ, यावल, मेळघाट असा सापडत गेला. २०१८ मध्ये त्याचा जागतिक दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ झाला. धोका टळलेला नाही.

ओळखायला सोपा आहे. गावातल्या ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठसठशीत पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ जवळपास साधी तपकिरी, आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. तो दिवसा शिकार करतो : सरडे, पाली, उंदीर, किडे. सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसलेला दिसतो.

त्याला विरळ, कोरडं पानगळी रान आणि जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात. म्हणून तुमच्या कामात दोन गोष्टी पाळा. वाळलेली, पोकळ, ‘निरुपयोगी’ झाडं सरपणाला तोडू नका. प्रत्येक पोकळ झाडावर चुन्याचा पट्टा मारून ग्रामसभेच्या वहीत नोंद करा. आणि मधले उघडे गवताचे तुकडे तसेच राहू द्या. सगळीकडे दाट झाडी करण्याच्या नादात पिंगळ्याचं शिकारीचं मैदानच जातं. विणीचा काळ साधारण ऑक्टोबर ते मे, त्यात ढोलीच्या झाडाजवळ लाकूडतोड किंवा सततचा वावर नको.

---

ग्रामसभेची_वही

चौथ्या प्रश्नाचं उत्तर. वनहक्क कायदा २००६, कलम ३(१)(झ) : सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क. कलम ५ खाली वन्यजीव, वन, जैवविविधता आणि पाणलोट राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. त्यासाठी ग्रामसभेतून समिती निवडायची आणि व्यवस्थापन आराखडा ग्रामसभेनेच मंजूर करायचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कोरम निम्म्या सभासदांचा, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. वहीत सह्या-अंगठ्यांसकट नोंद ठेवा. पुढे आराखड्याला कोणी हरकत घेतली तर हीच वही उभी राहते.

जमीन वनच राहते. तिथे शेती, खाण, बांधकाम चालत नाही. म्हणून कंपनीशी करार करताना जमिनीवर कोणताही हक्क, फलक किंवा लाकडाचा वाटा लिहून देऊ नका. मदत घ्यायचीच असेल तर रोपांऐवजी राखणदारांची मजुरी मागा.

राखणीचे नियम आधी, काम नंतर. आपल्याच खान्देशात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने (तो सह्याद्रीच्या अंगाला आहे) कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, पाळीपाळीने राखण आणि दंड याच्या जोरावर चारशे हेक्टरहून जास्त रान परत आणलं. बारीपाड्याच्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती या कामाची. दंड तिथे गावानेच ठरवला, म्हणून तो पाळला गेला.

चराई एकदम चाळीसही हेक्टरवर बंद करू नका. शेळ्या जातील कुठे? चार तुकडे करा. एक तुकडा तीन वर्षं बंद ठेवा, फुटवे शेळीचं तोंड पोचतं त्याच्या वर, म्हणजे दोन मीटरच्या वर गेले की तो उघडा आणि पुढचा बंद करा. बंद तुकड्यातलं गवत ऑक्टोबरअखेर बी झडल्यावर कापून घरी न्यायची मुभा द्या. ज्याच्या गोठ्यात गवत येतं तो राखणीला उभा राहतो.

---

गवताळी

वणवा आणि घाणेरी राहिली.

तुमच्याकडे मार्चमध्ये लागतो म्हणजे महूच्या फुलांसाठी आणि तेंदूपानाच्या (टेंभुर्णीच्या पानाच्या) नव्या पालवीसाठी लावला जातो. लोकांना दोष देऊन तो थांबत नाही, पर्याय दिला की थांबतो. महूच्या झाडाखाली फेब्रुवारीअखेर पाला झाडून गोल जागा स्वच्छ करायची, किंवा जुन्या साड्या, जाळी अंथरायची. फुलंही स्वच्छ मिळतात आणि भाव चांगला येतो. टेंभुर्णीची झुडपं जाळण्याऐवजी जमिनीलगत छाटली तरी तशीच मऊ पालवी येते.

जाळरेषा डिसेंबर-जानेवारीत काढा : हद्दीवर ६ मीटर, तुकड्यांच्या मध्ये ३ मीटर. गवत कापून मध्ये ओढायचं आणि वनरक्षकाला कळवून सकाळच्या दवात, १५ फेब्रुवारीच्या आत जाळून टाकायचं. दुपारी जाळू नका. उतारावर आग खालून वर पळते, म्हणून खालच्या हद्दीची जाळरेषा सगळ्यात आधी.

घाणेरी नुसती कापली तर दुप्पट फुटते. खणून उपटली तर माती हलते आणि दबलेलं सगळं बी उगवतं. पावसाळ्यात, फळं धरायच्या आधी, कुदळीने मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंमीवर तोडायचं, आणि झुडूप उलटं करून मुळं वर ठेवून वाळू द्यायचं. मोकळ्या झालेल्या जागेत त्याच दिवशी गवताचं बी टाका, नाहीतर तिथे रानतुळस येते. पाखरं बसतात त्या झाडांखाली घाणेरीची नवी रोपं येत राहतात, तिथे पुढचे तीन पावसाळे फिरून हाताने उपटा.

---

पायथ्याचं_पाणी (पाच महिन्यांनी)

मंडळी, खड्डे घेतले नाहीत. दिवाळीच्या आधी २० चौक मोजले. ११ चौकांत सरासरी ७ जिवंत मुळं निघाली, त्यात साग, पळस, टेंभुर्णी जास्त आणि थोडा धावडा. पण दक्षिणेच्या तोंडाच्या माथ्यावरच्या ९ चौकांत शून्य किंवा एक. तिथे काय करावं?

---

मुळवाट

ताई-दादांनो, एवढं चालून मोजलंत, फार चांगलं काम झालं. आता कामाची जागा आपोआप अर्ध्यावर आली. ११ चौकांचा भाग फक्त राखा.

माथ्यावर रोपं नकोतच, थेट बी आणि खुंट. अंजन हा त्या खडकाचाच रहिवासी आहे. एप्रिल-मेमध्ये पंखवाल्या शेंगा झाडाखाली गोळा करा. दरवर्षी बी धरत नाही, म्हणून ज्या वर्षी दिसेल त्या वर्षी जास्त गोळा करा. पहिला चांगला पाऊस झाला की दगडाच्या आडोशाला वीतभर जागा मोकळी करून तीन-चार बिया, २ सेंमीहून खोल नाही. पिशवीत अंजन वाढवू नका, सोटमूळ तळाला गुंडाळतं आणि झाड पुढे उभंच राहत नाही. पहिली काही वर्षं वरचा शेंडा उन्हाळ्यात वाळतो. मेलं समजून ती जागा सोडू नका, मूळ खाली जात असतं.

अंजनाच्या मध्ये सालईचे खुंट : मनगटाहून जाड, दीड ते दोन मीटर लांब, मे अखेरीस पालवी फुटायच्या आधी कापलेले, अर्धा मीटरहून जास्त गाडलेले. एका झाडावरून दोनपेक्षा जास्त फांद्या घेऊ नका. जनावरं सालईला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून माथ्यावर ती कुंपणाशिवाय टिकते.

महू खालच्या खोल मातीत लावा, माथ्यावर नाही. त्याचं बी टोळंबीतून (महूच्या फळातून) काढल्यावर काही आठवड्यांतच मरतं, तेव्हा जूनमध्ये पिकलेली टोळंबी आणली की आठवड्याच्या आत पेरा. तेलाला साठवलेलं बी पेरलं तर काहीच उगवणार नाही.

पुढच्या दिवाळीत तेच २० चौक परत मोजा. कोपऱ्यांवर दगडांची खूण आत्ताच करून ठेवा, नाहीतर वर्षाने ते सापडत नाहीत.